हँडब्रेकअप्पा

लातूरला बदलून आलो त्याच आठवड्यात माझ्या गाडीला अटक झाली. अटक करणारा पोलीस नव्हता. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, अशा थाटाचा एक सत्तरी ओलांडलेला गृहस्थ गादीवाल्याच्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची माझ्या गाडीशेजारी टाकून बसला होता. गाडीच्या पुढच्या चाकाला टेकवून त्यानं एक दगड ठेवला होता. आणि मी कधी उगवतो याची तो अत्यंत शांतपणे वाट पाहत होता.

मी भाजी घेऊन आलो. एका हातात मेथी, दुसऱ्या हातात किल्ली.

"गाडी तुमची का?"

"हो."

"तुमची म्हणता, आन् बेवारशी सोडून जाता?"

"बेवारशी कशी? कुलूप लावलंय की."

"कुलूप दाराला हाय. चाकाला काय हाय?"

एवढं बोलून ते उठले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि हलकेच रेटा दिला. माझी गाडी लाडात आलेल्या म्हशीसारखी वीतभर मागं गेली. त्यांनी हात काढला, तशी ती आपली आपण पुढं आली आणि दगडाला टेकून थांबली. रस्ता मला सपाट वाटला होता. तो सपाट नव्हता, हे मला त्या दगडामुळं कळलं.

"बगा. मला मणक्याचा त्रास हाय. डॉक्टरनं बादलीसुदिक उचलू नका म्हणलंय. माझ्यानं तुमची गाडी सरकली."

"अहो, म्हणूनच तर न्यूट्रलला ठेवली ना. कुणाला वाट हवी असली तर ढकलून घेता येते."

"हाव," ते म्हणाले. "लई सज्जन दिसता तुमी."

ज्या आवाजात ते हे म्हणाले, त्या आवाजात लोक एरवी 'लई नालायक दिसता' म्हणतात. मी कॉलेजात मराठी शिकवणारा आणि स्नेहसंमेलनात नाटकं बसवणारा माणूस. रागानं निघून जाण्याचा प्रवेश कसा वठवायचा, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. मान ताठ केली, दार उघडलं, धाडकन लावलं, गाडी चालू केली, आणि झोकात पहिला गिअर टाकला. दगड अजून चाकापुढंच होता. गाडीनं उचकी दिली आणि बंद पडली. मेथी माझ्या मांडीवर आली. गादीवाल्याच्या दुकानातून टाळ्या पडल्या.

संध्याकाळी भाड्याच्या घराच्या ओट्यावर उभा राहिलो, तर समोरच्या ओट्यावर तेच भस्माचे पट्टे. शेजारी निघाले. काशिनाथअप्पा. एकेकाळचे डाळमिलवाले; आता मिल पुतण्याच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांनी मला ओळखलं, हात जोडले आणि विचारलं, "आत्ता कशी उभी केली? गिअरमधी हाय का?"

बाहेरगावच्या वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्याकडच्याला ती सांगायची गरज नाही. आमच्याकडं जागा नसली की गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढं आडवी लावतात. मग गिअर काढायचा, हँडब्रेक सोडायचा, दारं लावायची आणि खुशाल निघून जायचं. ज्याला वाट हवी तो चार माणसं गोळा करून गाडी ढकलेल, आपली काढेल. बाजारात हेच, दवाखान्यापुढं हेच, आणि मंगल कार्यालयात तर हाच नियम. फाटकातला शिट्टीवाला माणूस प्रत्येक गाडीच्या काचेशी वाकून सांगतो, "न्यूट्रल ठेवा मालक, हँडब्रेक नको." हँडब्रेक लावून जाणारा माणूस आमच्यात उर्मट समजला जातो. त्याच्या नावानं माइकवरून पुकारा होतो, आणि तो हात धुऊन येईपर्यंत सगळं वऱ्हाड त्याच्या खानदानाचा उद्धार करतं.

या शिष्टाचाराविरुद्ध अख्ख्या लातुरात एकच माणूस उभा होता. लोक त्यांना हँडब्रेकअप्पा म्हणायचे. तोंडावर नाही, पण ते वळले की लगेच.

अप्पांचा दिनक्रम साधा होता. सकाळी पूजा, भाकरी, आणि मग फेरी. फेरीत रस्त्याकडेच्या गाड्या तपासायच्या. हात लावून बघायचा. गाडी हलली नाही तर तिच्यावर प्रेमानं एक थाप, हलली तर चाकाला दगड आणि मालक येईपर्यंत मुक्काम. खुर्ची मिळायची, चहाही मिळायचा. दुकानदारांना करमणूक होती. मालक आला की प्रवचन. प्रवचन मोठं नसायचं. "इंजिन बंद केलं म्हंजे गाडी थांबली, असं समजून राहिले तुमी. गाडी थांबत न्हाई. तिला थांबवून ठेवावं लागतं."

मालक भला असला तर हसायचा. भला नसला तर अप्पांचे वाडवडील काढायचा. एका तरुणानं एकदा त्यांना विचारलं, "काका, घरी कुणी बोलत न्हाई का तुमच्याशी?" अप्पा म्हणाले, "न्हाई." आणि दगड काढून दिला.

माझ्या बायकोला, सुलभाला, गाडी त्यांनीच शिकवली. मी शिकवायला घेतली होती, पण दुसऱ्या दिवशी आमच्या संसाराचाच ब्रेक निकामी होईल अशी चिन्हं दिसली, तेव्हा अप्पा मध्ये पडले. ते मागच्या सीटवर मधोमध बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. सुलभा ब्रेक दाबायची. अप्पांची मान पुढं गेली की डोळे मिटूनच म्हणायचे, "उशिरा बघितलं बाई तुमी."

"अप्पा, तुम्ही तर बघतही नाही."

"माझी मान बघती. ब्रेक पायात नसतो, डोळ्यात असतो. लांबचं बघितलं की पाय आपसूक हळू पडतो. मागून येणाऱ्याला तुमचा लाल दिवा आधी दिसू द्या, मग थांबा. त्याला बी बायकापोरं हायेत."

पुढं पुढं अप्पांची मान हलेनाशी झाली. मग गाडी उभी करण्याचे धडे. पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवायची. गिअर काढायचा. हँडब्रेक ओढायचा. मग पायाचा ब्रेक हळूच सोडून बघायचं, गाडी हँडब्रेकवर नीट बसते का. बसली की इंजिन बंद, आणि मगच गिअर. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर तोंड असेल तर उलटा. उतारावर चाकं रस्त्याच्या कडेकडं वळवलेली. हे सगळं झालं की अप्पा खाली उतरून मागून गाडी ढकलून बघायचे, हलली तर पुन्हा पहिल्यापासून. सुलभा रात्री मला म्हणायची, "हा माणूस माझा नवरा असता तर मी माहेरीच राहिले असते." पण आजही ती उतारावर चाकं वळवते, आणि मी वळवली नाहीत तर जे बोलते त्यात निम्मे शब्द अप्पांचे असतात.

एवढा गाडीवेडा माणूस, पण दारात स्वतःची गाडी नव्हती. सुलभानं एकदा सहज विचारलं. अप्पांनी तेही मुगाचा भाव सांगावा तितक्या सहज सांगितलं. आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून बसून राहिलो.

उदगीरला त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. अप्पा, त्यांची पत्नी महानंदा आणि मुलगा बसवराज, तिघं अप्पांच्या गाडीतून गेले. कार्यालयात गर्दी. फाटकातला माणूस म्हणाला, "न्यूट्रल ठेवा मालक." अप्पांनी ठेवली. उलट इतरांना सांगून ठेवायला लावली. असे ते सज्जन. किल्ली काढून खिशात घातली आणि दारं लावून वर मांडवात गेले. गाडीचं तोंड तळघरातल्या जेवणाच्या हॉलकडं जाणाऱ्या उताराकडं होतं. उतार जिथं सुरू होतो ती जागा आणि गाडी यांच्यात बरंच अंतर होतं. लग्न लागलं, पंगती उठू लागल्या, वऱ्हाडाच्या बसला निघायचं होतं. अप्पांची गाडी आडवी. चार पोरांनी मागून ढकलली.

"किल्ली काढली की स्टेरिंग अडकतंय," अप्पा म्हणाले. "मग गाडी जिकडं तोंड तिकडंच जाती, वळत न्हाई. दारं बंद. आत कुणी न्हाई. ब्रेक दाबायला पाय कुणाचा?"

उताराच्या तळाशी हात धुवायचे नळ होते. महानंदाबाई जेवून हात धूत होत्या.

"ढकलणाऱ्यांत आमचा बसू होता," अप्पा म्हणाले. "त्यानंच वळखली गाडी. 'आपलीच हाय, ढकला' म्हणला."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "लोक म्हणले, नशीब. मी म्हणलो, नशीब कशाचं? गाडी मी उभी केली होती. ढकलणाऱ्याचा काय दोष? त्याला वाटतंय, गाडी मालकानं नीट विचार करून सोडली आसंल. दोष उभी करणाऱ्याचा. ढकलणाऱ्याचा न्हाईच."

बसवराज तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. आईचं कार्य उरकलं आणि तो नांदेडला निघून गेला. तिथंच त्यानं पंपांचा धंदा काढला, विष्णुपुरीला घर घेतलं, लग्न मात्र केलं नाही. त्या दिवसापासून बापलेकांत एक शब्द नाही. फोन केला तर उचलायचा नाही. अप्पा दोनदा जाऊन आले. तो दोन्ही वेळा मागच्या दारानं बाहेर पडला.

तेव्हा मला त्या फेरीचा अर्थ लागला. अप्पा लातुरातल्या प्रत्येक गाडीवाल्याला धरून एकच वाक्य सांगत होते, कारण ज्याला सांगायचं तो ऐकून घेत नव्हता. एखादा गाडीवाला वैतागून म्हणायचा, "बरं अप्पा, चूक माझी." त्या वेळी अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, त्याला आम्ही इतके दिवस म्हातारपणीचा हट्ट समजत होतो.

माझं घर नांदेडला. आई तिथं असते, म्हणून माझ्या खेपा असतात. अप्पांना हे कळल्यावर ते एकदा ओट्यावर आले. "सर, बसूला भेटाल का? उगा सहज गेल्यावानी जा. म्हणावं, ढकलणाऱ्याचा दोष नसतो."

मी गेलो. नाटकातल्या दूताची भूमिका मला नेहमीच आवडते. दोन वाक्यं असतात, पण रंगमंचाच्या मधोमध उभं राहून म्हणायला मिळतात. बसवराज चाळिशीचा, शांत, कानशिलं पांढरी झालेला. दुकानातल्या पंपांच्या रांगेत त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, अप्पांच्या गोळ्यांची चौकशी केली, मणक्याला पट्टा बांधतात का विचारलं. मी अप्पांचं वाक्य म्हटलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, त्यांना म्हणावं, मला पोचलं."

"एवढंच सांगू?"

"त्यांना गाडी उभी केल्याचं दुःख आहे. मला निराळं आहे. ते त्यांच्या वाक्यात बसत नाही."

पुढं माझ्या प्रत्येक खेपेला हाच प्रयोग झाला. तेच वाक्य, तोच चहा, तेच उत्तर. मला वाटलं होतं, हे असंच चालणार आणि त्या दोघांपैकी एकाचं आयुष्य संपलं की संपणार.

पण मधे ते लातूरच्या कार्यालयातलं प्रकरण झालं.

आमच्या गल्लीतल्या एका घरचं लग्न. अप्पा आमंत्रित होते, पण मांडवात बसतील तर ते अप्पा कसले. फाटकातल्या शिट्टीवाल्याला बाजूला सारून ते गाड्या लावून घेत होते. "हँडब्रेक ओढा. गिअर टाका. हाव, आसं. जा आता जेवायला." लोक हसत होते, पण ऐकत होते. वयाचा मान.

पंगत बसली आणि नवऱ्या मुलाच्या मामांच्या छातीत कळ आली. त्यांना उचलून गाडीत घातलं. त्या गाडीपुढं एक आडवी गाडी. गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेली. सहा जणांनी रेटा दिला, जागची हलेना. माइकवरून नंबर पुकारला, तर बाहेर बँड चालू. मालकाचा पत्ता नाही.

"कुणी लावायला लावला हँडब्रेक?"

"ह्यांनी. ह्या अप्पांनी."

मामांच्या दुसऱ्या एका भाच्यानं अप्पांचा दंडच धरला. "न्यूट्रल आसती तर आत्तापत्तुर दवाखान्यात आसतो आमी. तुमच्या पायी मरायलंय माणूस."

अप्पांनी दंड सोडवून घेतला. कडेचा दगड उचलून त्यांनी त्या गाडीची काच फोडली, आत हात घालून दार उघडलं आणि काचांच्या खचावरच बसले. पाय ब्रेकवर, गिअर काढला, हँडब्रेक खाली. इंजिन बंद असलं की पायाचा ब्रेकही ताठरतो. त्यांनी दोन्ही पाय दिले होते. "ढकला आता. मी थांबवतो तवा थांबा." गाडी बाजूला झाली, मामांची गाडी सुसाट निघून गेली. अप्पा खाली उतरले तेव्हा त्यांचं धोतर मागून लाल झालेलं होतं. ज्याची काच फुटली तो मालक तेवढ्यात विडा चघळत आला आणि त्यानं तोंड उघडलं, पण धोतर बघून मिटलं.

मामा दवाखान्यात पोचले आणि तिथं गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. असं डॉक्टर म्हणाले खरे. गल्ली वेगळं म्हणत होती.

फेरी बंद झाली. अप्पा ओट्यावर बसून राहायचे. जो येईल तो समजूत घालायचा. मीही घातली. "अप्पा, तुमचा काय दोष? तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं. गाडीवाल्यानं किल्ली ठेवून जायला हवी होती."

अप्पांनी ओट्यावर सरकून मला जागा करून दिली.

"सर, ह्या बोलण्यानं आत काहीच हालत न्हाई."

"म्हणजे?"

"तुमी म्हणता, दोष न्हाई. कानाला बरं वाटतंय. पर ते मामा गाडीत निजून माझ्याकडं बघत होते, ते डोळे काही जात न्हाईत. आन् मी बसूला इतकी वर्षं हेच सांगून राहिलो. दोष न्हाई, दोष न्हाई. त्याला काय वाटलं आसंल?" ते भस्म पुसलं जाईपर्यंत कपाळ चोळत राहिले. "त्याला मी एकदाबी इचारलं न्हाई, तुला काय दिसलं म्हणून."

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, अप्पांनी कार्यालयांच्या फाटकात खुर्ची टाकली आणि किल्ल्या सांभाळायला सुरुवात केली. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, आणि किल्ली अप्पांकडं. ज्याला वाट हवी त्याची अडचण अप्पा स्वतः गाडी हलवून दूर करणार. डाळमिलचा मालक वॉचमनच्या खुर्चीवर बसलेला बघून पुतण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं माझ्यामार्फत सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, "त्याला म्हणावं, मिल तुझी, अब्रू तुझी, किल्ल्या माझ्या."

दुसरी गोष्ट म्हणजे, ते मला म्हणाले, "नांदेडला न्या मला."

रविवारी निघालो. मी गाडी चालवत होतो आणि अख्ख्या रस्त्यात त्यांनी माझ्या ब्रेकबद्दल चकार शब्द काढला नाही. लोह्याजवळ मी मुद्दाम एकदा वाईट दाबला. त्यांची मान पुढं गेली; ते बाहेरच बघत राहिले. तेव्हा मला भीती वाटली.

बसवराजचं घर विष्णुपुरीला, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर. मी आधी फोन करून मी येतोय एवढंच सांगितलं होतं. कोण बरोबर आहे ते सांगितलं नव्हतं. तो फाटकाशी आला, अप्पांना बघितलं आणि वळणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, "सांगायला आलो न्हाई बसू. ऐकायला आलो."

तो थांबला. आम्ही रस्त्यावरच उभे होतो. मी दूर व्हायला निघालो तर बसवराज म्हणाला, "सर, थांबा तुम्ही." एकट्यानं बापासमोर उभं राहायची त्याची तयारी नसावी.

"काय ऐकायचंय?"

"जे आसंल ते."

तो फाटकाला टेकला. मग त्यानं रस्त्याकडं बघत बोलायला सुरुवात केली. "चौघं होतो आम्ही. गाडी उताराला लागली, तशी आम्ही मागून डिकीला धरली. तिघांनी धरूनच ठेवली होती. गाडीनं त्यांना ओढत नेलं, गुडघे फुटले त्यांचे. मी सोडली अप्पा. सगळ्यात आधी सोडली."

अप्पांनी त्याच्याकडं मान वळवली.

"मला अव्वा दिसली होती. नळापाशी पाठमोरी. तिला हाक मारायची म्हणून सोडली, का भ्यायलो म्हणून सोडली, ते मला अजून समजलं नाही. हाक पण तोंडातून निघाली नाही." त्यानं शर्टाला तळवे पुसले. "आपल्यात बसवून नेतात ना. तिला बसवता आलं नाही. स्वामी म्हणाले, निजवूनच न्या. तेव्हा तुम्ही तिच्याकडं बघत नव्हता. मी बघत होतो."

लिंगायतांत गेलेल्या माणसाला पुरतात, आणि तेही ध्यानाला बसल्यासारखं ताठ बसवून. हे मला माहीत होतं. महानंदाबाईंचं हे मला माहीत नव्हतं.

"चौघांनी धरली आसती तरी ती थांबली नसती," अप्पा म्हणाले.

"तुम्ही नव्हता तिथं."

अप्पा माझ्या गाडीला वळसा घालून गेले, चालकाच्या जागी बसले. गाडीचं तोंड उताराकडं होतं, आणि मी ती त्यांच्याच पद्धतीनं उभी केली होती. त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले, गिअर काढला, हँडब्रेक खाली सोडला. किल्ली माझ्या खिशात होती.

"बसू," ते समोर बघत म्हणाले, "मागं जा. ढकल. मी आत हाय."

खाली रस्ता सरळ नदीकडं जात होता. बसवराज मागं गेला. डिकीपाशी उभा राहिला. त्यानं दोन्ही हात वर उचलले. तळवे पत्र्यापासून बोटभर लांब राहिले असतील. मग ते पत्र्याला न लागताच खाली आले. तो फाटकातून आत गेला आणि दार लागल्याचा आवाज आला.

अप्पा हलले नाहीत. दोन्ही पाय ब्रेकवर, डोळे आरशावर. मी म्हटलं, "अप्पा, चला."

"थांबा. यील."

तो आला नाही. शेवटी त्यांनीच हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि मला हाताला धरायला सांगितलं. पायावर त्यांना उभंच राहता येईना. परतताना अहमदपूर आलं. मग म्हणाले, "हात वर केले होते त्यानं. मी आरशात बघितलं."

हिवाळ्याच्या अखेरीला अप्पा गेले. पुतण्या सकाळी दार ठोठावत आला तेव्हा ते अंथरुणातच गार झाले होते. बसवराजला मीच फोन लावला. त्यानं उचलला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि ठेवला. येईल असं कोणी धरलं नव्हतं.

अप्पांचं शेत उदगीरकडं. तिथंच महानंदाबाईंना पुरलं होतं, शेजारी जागा सोडलेली. शेताच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधली, तिच्यात अप्पांना बसवलं. नवीन धोतर, गळ्यात हार, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, खांद्यापाशी उपरण्यानं खुर्चीला बांधून घेतलेलं. मी मागं चालत होतो. बघितलं तर बसवराज माझ्या बाजूला. कधी आला कळलं नाही. तोंडावर प्रवासाची धूळ तशीच.

आदल्या दिवशी अवकाळी पडून गेला होता. कालव्याच्या भरावावर चढताना काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक फिरू लागलं. ट्रॉली थोडी मागं आली. अप्पांची मान हलली.

"हात लावा रे मागून," पुढून कोणीतरी ओरडलं.

लोक धावले. आणि धावता धावता थबकले, कारण बसवराज मधोमध उभा होता आणि त्या गर्दीत उदगीरचं लग्न न बघितलेला माणूस विरळाच असेल. पुतण्या हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, तू राहू दे. तू हो बाजूला."

बसवराजनं चपला काढल्या, पाय मातीत रोवले आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही तळवे टेकवले. त्याच्या दोन्ही बाजूंनी आम्ही हात लावले. ट्रॅक्टर गुरगुरला, चाकांखालची माती आमच्या तोंडावर उडाली आणि ट्रॉली इंच इंच वर सरकू लागली. मी मान वर केली तेव्हा मला अप्पा शेवटचे दिसले. आमच्याकडं पाठ करून, ताठ बसून, ते हळूहळू चढावर चालले होते.

वर सपाटी आली. ट्रॅक्टर आपला आपण चालू लागला, तसे आम्ही सगळ्यांनी हात काढले आणि चिखल झटकला. बसवराजनं काढले नाहीत. वाटेनं, काठानं, थेट खड्ड्यापर्यंत तो दोन्ही हात फळीला लावून, वाकून चालत गेला.